रस्त्यात पडलेला माणूस

तो माझ्या डोळ्यांदेखत कोसळला.

रविवारची सकाळ होती. कर्वेनगरला मावशीकडे निघाले होते, वाटेत मिरच्या घ्यायला थांबले. समोरून इस्त्रीचा शर्ट घातलेला, हातात जेवणाचा डबा असलेला एक तरुण येत होता. चालता चालता तो गुडघ्यांतून दुमडला आणि फुटपाथवर आडवा झाला. डब्याचं झाकण गडगडत माझ्या पायाशी आलं.

मी किंचाळले. बाकी कोणीच नाही! एका आजोबांनी चष्मा सावरून पाहिलं आणि वळसा घालून ते पुढे गेले. शेजारचा दुकानदार गल्ल्यावरूनच म्हणाला, "अहो, दुकानासमोर नको. जरा पलीकडे पडा."

मी धावले. आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत नुकतंच प्रथमोपचाराचं ट्रेनिंग झालं होतं, तेही एसीत बसून, पडद्यावर चित्रं बघत. तेवढ्या भांडवलावर मी त्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवले आणि दाबायला लागले. "कोणीतरी रिक्षा थांबवा ना! अहो... ऐकू येतंय का? डोळे उघडा... प्लीज..." कधी रडायला लागले, मलाच कळलं नाही.

त्याने एक डोळा किंचित उघडला.

"हळू," ओठ न हलवता तो पुटपुटला. "बरगडी मोडेल. पण रडणं थांबवू नका... फार छान चाललंय."

माझे हात हवेतच राहिले. समोर उभ्या असलेल्या व्हॅनचं दार सरकलं. आत कॅमेरा होता आणि कॅमेऱ्यामागे एक बाई होती, डोळे पुसत असलेली.

"कट! समाधान, अरे, काय मिळालंय हे!"

मी त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली.

तो उठून बसला. गाल चोळत व्हॅनकडे बघून म्हणाला, "हेमाताई, ही थप्पड पण आली का टेपवर?"

"आली."

"लाज नाही वाटत?" मी ओरडले. "माणूस मेला असं वाटलं मला!"

"माफ करा. खरंच." त्याने हात जोडले. आता चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. "मी समाधान कोंढरे. सिनेमा करतोय. दिग्दर्शकही मीच आणि नटही मीच. दुसरा दिग्दर्शक मला घेत नाही आणि दुसरा नट मला परवडत नाही."

"कुठे पाहिलं नाही कधी तुम्हाला."

"पाहिलं असणार. मालिकांमध्ये मी खूपदा मेलोय. फक्त चादरीखाली असतो, त्यामुळे ओळखणं अवघड जातं."

हसू आलं. त्याचाच मला जास्त राग आला. "हे बघा, हे सिनेमात दाखवायचं नाही. मला न विचारता माझं रडणं कोणी दाखवायचं नाही."

"आपण ऐकून तरी घ्या," हेमाताई व्हॅनमधून खाली उतरल्या. "महिनाभर हा वेगवेगळ्या रस्त्यांवर पडतोय. एकही माणूस थांबला नाही. थांबलेल्या तुम्ही पहिल्या."

"मग तर विचारायलाच हवं होतं," मी म्हणाले.

समाधान माझ्याकडे बघतच राहिला. मग व्हॅनमध्ये चढला, टेप मागे नेली, कॅमेऱ्याच्या भिंगावर टोपण बसवलं आणि बटण दाबलं.

"काय करताय?"

"वरून अंधार भरतोय. तेवढा भाग पुसला गेला की संपलं."

हेमाताईंनी तोंड फिरवलं. मला वाटलं होतं, हा हुज्जत घालेल, गोड बोलेल, शब्दांत पकडेल. त्याने तर महिनाभराच्या मेहनतीने मिळालेला तो एक तुकडा माझ्यासमोर पुसून टाकला... आणि वर मला मिरच्यांची पिशवी उचलून दिली. "मावशी वाट बघत असतील."

"तुम्हाला काय माहीत मावशी?"

"रडताना सांगितलंत की. 'मावशीकडे उशीर होतोय, उठा ना हो,' म्हणालात."

पुढच्या रविवारी मी पुन्हा कर्वेनगरला गेले. मावशी चकित झाली. तिला काय सांगणार?

सिनेमा त्याच्या वडिलांवर होता, हे मला हळूहळू कळलं. पोपट कोंढरे पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. नव्वदनंतर बाहेरचा माल आला, कारखाना गडगडला आणि एके दिवशी त्याला टाळं लागलं. पोपटकाकांनी घरी सांगितलंच नाही. कित्येक महिने ते रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, दिवसभर कुठेतरी बसायचे आणि संध्याकाळी शिफ्ट सुटल्याच्या वेळेला परतायचे. पुढे एका आयटी कंपनीच्या गेटवर नोकरी मिळाली तेव्हा म्हणाले, कारखाना सोडला, कंटाळा आला होता.

"तुला कसं कळलं मग?" तोवर आम्ही 'तू'वर आलो होतो. टपरीच्या पत्र्याखाली उभे होतो, बाहेर भुरभुर चालू होती.

"माझ्या मित्राचे वडील त्याच कारखान्यात होते. टाळं लागलं त्याच दिवशी कळलं."

"आणि तू काही बोलला नाहीस?"

त्याने चहाचा एक घोट घेतला. "रोज निघताना ते आईला म्हणायचे, 'येतो गं, बस चुकंल.' अगं अपेक्षा, इतका चांगला अभिनय मी पुन्हा कुठे पाहिला नाही. त्याच्यामध्ये 'कट' कसं म्हणणार?"

माझा हात आपोआप त्याच्या मनगटावर गेला. तो दचकला. मीही दचकले. पण हात तिथेच राहिला...

मग माझे सगळे रविवार त्याचे झाले. आमच्या घरी रविवारी सकाळी बुद्धवंदना असते. ती झाली की मी बिबवेवाडीहून स्कूटी काढायची. शूटिंगला कधी छत्री धरायची, कधी बघ्यांना हटवायचं. एकदा म्हणालेही, "तो पुसलेला भाग पुन्हा घे. या वेळी माझी परवानगी आहे." त्याने घेतला. मी इतकं वाईट काम केलं की खाली पडलेला समाधान पोट धरून हसायला लागला.

"मेलेला माणूस हसतो का?"

"तू असं रडलीस तर उठून पळूनही जाईल."

शेवटी त्याने शेवटच बदलला. सिनेमातला माणूस पडतो, कोणी थांबत नाही. मग तो स्वतःच उठतो, कपडे झटकतो, डब्याचं झाकण शोधतो आणि चालू लागतो.

संकलन चालू असताना एकदा हेमाताई सहज बोलून गेल्या, "मुंबईची मालिका सोडली ह्याने, आता हा सिनेमा तरी पुरा होऊ दे."

"कुठली मालिका?"

त्या गडबडल्या. रोजची मालिका होती, मुख्य भूमिका. चादर नाही, पूर्ण चेहरा! अट एकच होती, लगेच मुंबईला यायचं आणि बाकी सगळं बंद. तो नाही म्हणाला होता, महिना झाला होता.

मी तडक त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू 'घे' म्हणाली असतीस."

"अर्थात म्हणाले असते!"

"मग मी घेतली असती," तो म्हणाला. "तुझं ऐकायची सवय लागलीये मला... हल्ली."

मी काहीतरी खरमरीत बोलणार होते. तेवढ्यात तो पुन्हा पडद्याकडे वळला, पण त्याचे कान लाल झाले होते.

सिनेमा पहिल्यांदा दाखवला तो एका कॉलेजच्या सभागृहात, रविवारी सकाळी. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पोपटकाका पांढरा सदरा घालून पुढच्या रांगेत बसले होते. मुलाने सिनेमा केलाय, एवढंच ऐकून तो बघायला आले होते. गोष्ट कुणाची आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पडद्यावर समाधान डबा उचलून म्हणाला, "येतो गं, बस चुकंल."

पोपटकाका उभे राहिले. अंधारात ते तसेच पडद्याकडे बघत राहिले. मागून कोणीतरी म्हणालं, "काका, काचेचे नाही आहात, बसा." ते वळले आणि बाहेर निघून गेले.

समाधान दाराशी उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो जागचा हलेना. मीच बाहेर धावले.

काका पायऱ्यांवर बसले होते. मी शेजारी बसले. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "म्हंजी त्याला समदं ठावं हुतं."

"हो."

"पहिल्यापास्नं?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "आन् रोज मला इचारायचा, 'दादा, आज काम जास्त हुतं का?' मी म्हनायचो, लई हुतं." ते हसले, पण ते हसू निम्म्यातच तुटलं. "पर पडलो बिडलो न्हाय हां मी कधी. तेवढं पोरानं खोटं घातलंय."

आत टाळ्या वाजल्या. थोड्याच, पण बराच वेळ. लोक बाहेर यायला लागले. काकांनी मला निरखून पाहिलं.

"तू कोन म्हनायची त्याची?"

खरं तर 'मैत्रीण' म्हणायचं होतं. तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"मी लग्न करणार आहे त्याच्याशी."

मागे काहीतरी सांडल्याचा आवाज आला. चहाचे कप घेऊन समाधान तिथे उभा होता. अर्धा चहा त्याच्याच बुटांवर. इतकी वर्षं नट म्हणून काढलेल्या त्या माणसाला एकही भाव सुचत नव्हता.

"आडनाव?" काकांनी विचारलं.

त्या एका शब्दापाठोपाठ काय येतं, हे मी लहानपणापासून ओळखते. म्हणून सगळं एकदमच सांगून टाकलं. "ओव्हाळ. बिबवेवाडीला राहतो आम्ही. बौद्ध आहोत."

काकांनी आधी माझ्याकडे, मग लेकाकडे पाहिलं. समाधान एक पाऊल पुढे आला, "दादा..." त्यांनी हातानेच त्याला थांबवलं. मी पायरीची कड घट्ट धरून बसले होते. माझ्या घरच्यांचे चेहरे, त्याच्या आईचा मी न पाहिलेला चेहरा... सगळं त्या एवढ्याशा शांततेत येऊन गेलं.

"तुझी आय काय दिवस बोलायची न्हाय," शेवटी ते लेकाला म्हणाले. "बोलंल मग. हिचा हात धरून हिला घरात मी नेईन." मग माझ्याकडे वळले. "आन् ह्यो काय म्हनाला?"

"त्याने अजून विचारलंच नाही."

"काय?" काका खरोखर हादरले. "का रं? कारखाना बंद पडल्याचं मी घरात बोललो न्हाय, मला लाज वाटत हुती. तुला कशाची लाज वाटती?"

समाधानने कप पायरीवर ठेवले. ओला बूट, विस्कटलेले केस. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"अपेक्षा... मी... म्हणजे आपण दोघं..."

"पूर्ण वाक्य," मी म्हणाले.

"माझ्याशी लग्न करशील?"

बाहेर पडणारे लोक थबकले. हेमाताईंनी तोंडावर हात ठेवला. आणि मी? आत्ताच सगळ्या जगासमोर नको ते बोलून बसले होते. आता नुसती त्याच्याकडे बघत राहिले.

"अगं बोल की पोरी," पोपटकाका कप उचलत घाईने म्हणाले, "च्या गार व्हतोय."

"हो," मी म्हणाले.