नानांनी बोलावलेला पाहुणा

एरंडोलच्या अलीकडे एसटी पंक्चर झाली. नानांच्या आयुष्यातला शेवटचा साधासुधा दिवस तिथे रस्त्याच्या कडेला, कडुनिंबाखालच्या चहाच्या टपरीवर गेला.

नाना म्हणजे रुपचंद पाटील, मेहरूणचे केळीवाले. बहिणीला बोरं पोचवायला ते पारोळ्याला गेले होते, आणि सोबत वैजयंतीला नेलं होतं. वैजयंती त्यांची एकुलती मुलगी. ती जळगावच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करायची आणि प्रवासातही पुस्तक उघडून बसायची. त्या दिवशी मात्र पुस्तक मिटलेलंच राहिलं. पौषातलं ऊन पाठीला बरं वाटत होतं. पिशवीत राहिलेली मूठभर बोरं ती एकेक करून खात होती आणि नाना टपरीतल्या टीव्हीशी भांडत होते.

टीव्हीवर नव्या वाहिनीवरचा खेळ चालला होता. चकचकीत कोट घातलेला सूत्रधार प्रश्न विचारायचा, उत्तर बरोबर आलं की स्पर्धक एक पायरी चढायचा आणि पायरीखाली दिवे लागायचे.

नाना म्हणाले, ही सगळी नक्कल आहे. आठ-नऊ वर्षांपूर्वी दूरदर्शनवर ‘पाच पायऱ्या’ लागायचं, ते अस्सल. तेव्हा दिवे नव्हते, लाकडी पायऱ्या होत्या, आणि चढताना त्यांचा आवाज यायचा.

“नाना, ‘पाच पायऱ्या’ पण नक्कलच होती,” बाकाच्या दुसऱ्या टोकावरून कोणीतरी म्हणालं.

तो त्याच एसटीतून धुळ्याहून आलेला होता. पंचविशीचा, सावळा, मांडीवर वायरचं भेंडोळं. नाव सांगताना तो आधीच हसला. भिकन. दोन भावंडं जगली नाहीत म्हणून आजीने ठेवलेलं नाव, आणि आता धुळ्यात केबलचा धंदा, म्हणजे वर्गणी मागायला दारोदार जावं लागतं, तेव्हा नाव शोभतं, असं तोच म्हणाला. आखातात असलेल्या चुलतभावाने त्याला सांगितलं होतं की असलाच खेळ परदेशात फार आधीपासून चालतो.

नानांना ते सहन झालं नाही. मग आठवणींची उलटतपासणी सुरू झाली. हरलेल्या माणसाला काय द्यायचे? नाना म्हणाले, छत्री. भिकन म्हणाला, भिंतीवरचं घड्याळ. दोघांनी एकदमच वैजयंतीकडे पाहिलं.

“काहीच देत नसत,” ती म्हणाली. “टाळ्या वाजवायचे आणि खाली उतरवायचे.”

“तुम्ही फार कठोर आहात,” भिकन म्हणाला.

“कार्यक्रम कठोर होता.”

“बोरं तरी द्याल... हरलेल्याला?”

तिने पिशवी पुढे केली. त्याने एकच बोर उचललं, निवडून, सगळ्यात लहान. का कोण जाणे, तिला त्याचा राग आला. मोठं घ्यायला काय झालं होतं? त्या रागाचं पुढे काय करायचं हे तिला कळेना, म्हणून ती चाक बदलणाऱ्या ड्रायव्हरकडे बघत राहिली.

भिकनकडे जुन्या कार्यक्रमाची एक व्हिडिओ कॅसेट होती. शिवाय त्याचे झुलालमामा मुंबईला असताना प्रेक्षकांत बसून आले होते. नाना म्हणाले, मग येत्या रविवारी घरीच या. कॅसेट आणा, मामांना आणा, भरीत खाऊन जा. एसटी सुरू झाली. आत शिरताना भिकनने वळून पाहिलं — नानांकडे की तिच्याकडे, हे तिला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना केळीच्या बागेत पाणी धरायला गेले आणि बांधावर बसल्या बसल्या गेले. माणसं सांगत आली तेव्हा आईने चुलीवर त्यांचा चहा ठेवलेला होता.

रविवारी ओट्यावर सतरंजी अंथरलेली होती. गावोगावची माणसं दारावर, म्हणजे दुखवट्याला, येत होती. दारावर आलेल्या माणसाला कोणी या म्हणत नाही, कोण कुठले विचारत नाही. त्यानेही राम राम करायचा नसतो, आणि निघताना येतो म्हणायचं नसतं. यावं, बसावं, उठावं. भिकन आणि झुलालमामा गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरले तेव्हा या घरात कोणी गेलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. भिकनच्या हातात फुलाफुलांच्या चादरीत बांधलेलं मोठं गाठोडं होतं. ओट्यावर डोक्याला टॉवेल बांधलेली माणसं बघून दोघं थबकले. पण परत फिरणंही बरं दिसेना. ते मुकाट्याने सतरंजीच्या कडेला टेकले. कोण गेलं हे त्यांना विचारता येईना, आणि तुम्ही कोण हे त्यांना कोणी विचारीना.

पारोळ्याची भागाबाई आत्या बाहेर आली. नवा माणूस दिसला की गळा काढायचा, एवढंच तिला त्या आठवड्यात सुचत होतं. तिने झुलालमामांच्या पायाशीच बसकण मारली. “आमले सोडीसन कोठे ग्यात रे रुपचंदभाऊ...”

नाव ऐकलं तसा भिकनचा चेहरा उतरला. झुलालमामा भला माणूस. न पाहिलेल्या रुपचंदभाऊंसाठी ते खांदे हलवून रडायला लागले.

गाठोडं दुखवट्याच्या कापडाचं असेल असं समजून आत्याने ते आत नेलं, सोडलं आणि कपाळाला हात लावला. “हाई काय शे बाई?”

आत व्हीसीआर होता.

त्या आठवड्यात वैजयंती पहिल्यांदाच हसली. तोंडावर पदर धरून ती इतकी हसली की बायकांना वाटलं पोरीला कढ आवरत नाही, आणि त्या तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. मग खरंच कढ आला. हसू कुठे संपलं आणि कढ कुठे सुरू झाला, तिचं तिलाही समजलं नाही.

गाठोडं पुन्हा बांधून ती मागच्या दाराने गेली. भिकन न्हाणीजवळ उभा होता.

“हे... तुमचं.”

“मला माहीत नव्हतं,” तो म्हणाला. “मला खरंच...”

“माहीत असतं तरी आला असता?”

“आलो असतो. हे आणलं नसतं.” मग थोडं थांबून, “कदाचित आणलंही असतं. नानांनी सांगितलं होतं.”

कोणी सांत्वनाचं बोलायला लागलं की तिला उठून जावंसं वाटायचं. त्या वेळी वाटलं नाही.

दिवस झाले, पाहुणे पांगले आणि घरात एक चर्चा उभी राहिली. धुळ्याचा तो पोरगा कोण? आईला एवढंच आठवत होतं की जायच्या आदल्या रात्री निजताना नाना म्हणाले होते, रविवारी धुळ्याचा एक चांगला मुलगा मामाला घेऊन येणार आहे, भरीत कर. ते ऐकून उखर्डूकाकांनी मांडी ठोकली. नानांचे ते धाकटे भाऊ. चांगला मुलगा, मामा सोबत, रविवारचा दिवस, घरात लग्नाची पोरगी — आणखी काय सांगायचं राहतं? आत्याला पटत नव्हतं. मुलगी बघायला येणार असते तर भाऊने पोहे सांगितले असते, भरीत कशाला? काका म्हणाले, माणूस पटला की दादा भरीतच खाऊ घालायचा, पोहे परक्यांना. भरीत की पोहे यावर घरात दोन तट पडले आणि आठवडाभर ताटातल्या भाजीकडे कोणाचं लक्ष राहिलं नाही.

काकांना घाई होती. घरात माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. त्यांनी भुसावळचा रेल्वेतला एक मुलगा हेरून ठेवला होता, आणि केबलवाल्याला एरवी त्यांनी दारात उभं केलं नसतं. पण दादाचा शब्द तो दादाचा शब्द. त्यांनी धुळ्याला निरोप धाडला. झुलालमामा तर रडून आलेच होते, त्यांना हे घर आपलंच वाटत होतं. त्यांनी आनंदाने होकार कळवला.

वैजयंतीला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने काय सांगितलं असतं? भिकन आता वायर घ्यायला जळगावला वारंवार येऊ लागला होता आणि दर खेपेला ग्रंथालयात डोकावत होता.

“धुळ्यात वायर मिळत नाही?” तिने एकदा विचारलं.

“मिळते. पण इथली लांब असते.”

“लांब म्हणजे?”

“म्हणजे... मोजायला वेळ लागतो.”

ती रजिस्टरमध्ये डोकं घालून बसली. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. तो गेल्यावर तिला वाटलं, हा आपल्याला आवडतो तो नानांना आवडला म्हणून का? त्याच्याशी वाद घालताना आपण नानांचीच वाक्यं बोलतो. मग हे आवडणं तरी आपलं कशावरून? तेही नक्कलच असायचं.

आणि नानांना तो नेमका कसा आवडला होता? एरंडोलच्या टपरीवर ते तिच्याकडे बघून हसले होते, हे तिला स्पष्ट आठवत होतं. पण काकांचं बोलणं ऐकण्याआधीही ते आठवत होतं का?

एक दिवस आईच म्हणाली, ह्यांना दाखवायचं होतं ना, मग आम्हाला दाखव. भिकन पुन्हा व्हीसीआर घेऊन आला. आई, आत्या, काका, वैजयंती, सगळे टीव्हीसमोर बसले. लाकडी पायऱ्या खरोखरच वाजत होत्या. सूत्रधाराने पहिला प्रश्न विचारला. स्पर्धक विचार करत होता, आणि खोलीतलं कोणीच काही बोललं नाही. इथे नाना ओरडायचे, बहुतेक वेळा चुकीचं. प्रत्येकाने ती जागा त्यांच्यासाठी रिकामी सोडली. दुसऱ्या प्रश्नाला भिकनने हळूच उत्तर दिलं, तेही चुकलं, आणि आई तोंडाला पदर लावून हसली.

शेवटी हरलेल्या माणसाला स्टीलचा डबा मिळाला. छत्री नाही, घड्याळ नाही, नुसत्या टाळ्याही नाहीत. वैजयंतीला शपथेवर सांगता आलं असतं की तिने त्या माणसाला रिकाम्या हाताने उतरताना पाहिलं होतं. तिघांनी एकच कार्यक्रम पाहिला आणि तिघांनी तीन. मग टपरीवरच्या त्या हसण्याचं काय धरून बसायचं?

सुपारी फोडायचा दिवस ठरला, त्याच्या आदल्या संध्याकाळी तो मेहरूणच्या तलावावर भेटला. पाण्यावरून गार वारा येत होता. बोरीखाली पोरं दगड मारत होती.

“एक सांगायचंय,” तो म्हणाला. “नानांनी तुमच्या लग्नाचं माझ्याकडे काहीच काढलं नव्हतं. माझं घरदार विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. एसटीत जळगाव येईपर्यंत फक्त ‘पाच पायऱ्या’. शब्द वगैरे... काही नाही.”

“मला माहीत आहे. मी पुढच्याच सीटवर होते.”

“मग घरी का नाही सांगितलं?”

तिने पायाशी पडलेलं बोर उचललं.

“मी उद्या सांगणार आहे,” तो म्हणाला. “मेलेल्या माणसाच्या तोंडी घातलेल्या शब्दावर मला लग्न नको.”

“काका मोडतील. भुसावळचा तयार आहे.”

“मोडू देत.” मग आवाज उतरला. “मोडू देत असं म्हणतोय खरं... पण तुम्हाला काय वाटतं ते कळलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही वादात कधी हरत नाही आणि नेमकं इथे गप्प.”

तिने तोंड उघडलं. वारा आला, पदर सावरला, आणि जे ओठांवर होतं ते मागे गेलं. नाना असते तर, एवढंच ती म्हणाली. त्याने मान हलवली आणि स्टँडची वाट धरली. ती तशीच उभी राहिली. नाना असते तर काय? वाक्य पुढे काही जाईना.

सकाळी बैठक भरली. ओट्यावर तीच सतरंजी. झुलालमामा नवी टोपी घालून आले होते, भिकन त्यांच्या शेजारी, रात्री झोपला नसावा असा. आत्या आणि आई दाराच्या आत. वैजयंती पाण्याचं तांब्या-भांडं घेऊन उंबऱ्याशी उभी होती.

उखर्डूकाकांनी घसा साफ केला. पोरगा केबलवाला आहे, पगारी नाही, हे सगळं खरं, ते म्हणाले. पण थोरल्या भावाने जाता जाता शब्द दिला होता, आणि आम्ही तो मोडणारे नव्हेत. त्यांनी सुपारी हातात घेतली.

“काका, एक मिनिट,” भिकन म्हणाला. “तो शब्द...”

“तो शब्द नव्हता,” वैजयंती म्हणाली.

माना वळल्या. आत्याने आतून तिचा पदर ओढला. तांब्या हातात जड झाला होता, तो तिने खाली ठेवला.

“नानांनी ह्यांना जुना कार्यक्रम बघायला बोलावलं होतं. लग्नाचं काही बोलणं नव्हतं. मी तिथे होते.”

काकांच्या हातातली सुपारी तशीच राहिली. “मग हे कोणी ठरवलं?” त्यांनी विचारलं. “दादाने नाही, तर कोणी?”

झुलालमामा टोपी काढून मांडीवर ठेवत होते. आई दाराशी आली. वैजयंतीने भिकनकडे पाहिलं. तो खाली बघत होता, कानाच्या पाळ्या लाल.

“नानांना ते आवडले असते की नाही, मला माहीत नाही, काका. ते विचारायचं राहून गेलं. आता रोज विचारावंसं वाटतं.” ती उंबऱ्याबाहेर आली. “पण मला आवडतात. मला त्यांच्याशी लग्न करायचं आहे.”