ऊन दाखवलेलं पुस्तक

महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती. मी बुलढाण्यात ड्रॉइंग मास्तर. इंग्रजांच्या सरहद्दीवरच्या लढायांची जुनी सचित्र पुस्तकं जमवायचं मला वेड. बायको म्हणे, घरात पाय ठेवाले जागा नाही, अन् यायले लढाया पाहिजेत.

देऊळघाटच्या नूरबीकडे असं एक पुस्तक आहे कळलं, म्हणून रविवारी गेलो. म्हातारी पंचाहत्तरीची, एकटी. तिचे अब्बा फौजेत खेचरं हाकायचे. ती दहा वर्षांची असताना ते अफगाण सरहद्दीवरच्या एका घाटात बर्फाखाली गाडले गेले. मयत आलीच नाही. पुढं त्यांच्या पलटणीच्या साहेबानं हे पुस्तक पाठवलं. त्यात त्याच घाटाचं चित्र होतं. नुसता बर्फ, माणूस एकही नाही. पुस्तक तिनं माठाच्या आडोशाला ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. इतकी वर्षं कागद कुजला कसा नाही, हे मला तेव्हा सुचलंच नाही.

"न्या मास्तर, माह्यामागं कोणी नाही," ती म्हणाली. "पण याले ऊन दाखवू नका. अब्बा निजले हायेत… निजू द्या."

मी हो म्हणालो. खोटं कशाला सांगू, तेव्हाच मनात ‘नाही’ होतं. ओल धरलेलं पुस्तक उन्हात घालणार नाही तो कसला शौकीन!

दुसऱ्या दिवशी वैशाखाच्या उन्हात पुस्तक अंगणातल्या बाजेवर उघडून ठेवलं. माझ्या दहा वर्षांच्या कौशल्येला राखणीला बसवलं अन् सकाळच्या शाळेला गेलो. दुपारी आलो तर बाजेखाली पाणीच पाणी. ओल्या जनावराचा वास. चित्रातला बर्फ गेला होता, काळे दगड तेवढे उरले होते. अन् अनवाणी ओली पावलं फाटकाबाहेर गेलेली…

कौशल्येला विचारलं. ती म्हणाली, कोणी आलं नाही. एक माणूस उठून गेला फक्त.

मिळेल त्या मोटारीनं देऊळघाट गाठलं. नूरबी उंबऱ्यात बसली होती.

"आले होते," ती म्हणाली. "म्या म्हटलं, अब्बा, मीच नूर. मानत नाहीत. म्हणे, माही नूर दहा वर्साची हाय… तिलेच घेऊन जातो."

"कुठं गेले?"

"तुम्ही आले त्याच रस्त्यानं. मास्तर… तुमच्या घरी लेकरू हाय का?"

कसा परतलो, माझं मला माहीत. कौशल्या ओट्यावर सागरगोटे खेळत होती. जीवात जीव आला. जवळ गेलो, हात धरला. भर उन्हात हात बर्फासारखा गार. मी तिला घरात ओढू लागलो, पण ती जागची हलेना.

"अब्बांनी इथंच बसाले सांगितलं," ती म्हणाली. "खेचर घेऊन येतो म्हणे."

मला ती बाबा म्हणते. अब्बा हा शब्द आमच्या घरातला नाही.

तिचं लग्न होऊन आता बारा वर्षं झाली. वैशाखात माहेरी आली की अजूनही दुपारी ओट्यावर जाऊन बसते. मी आत बसून रस्त्याकडे कान लावतो. यंदा तिची मुलगी दहाची झाली. तीही शेजारी बसते.