लंगडी तार

शाल्मलीची आई गेली त्या दुपारी वरच्या सड्यावरच्या दोन्ही तारा चालू होत्या. हेच तर कोडं होतं. तार तुटली असती तर निदान तारेला बोल लावता आला असता. पण आजोबांनी दुसऱ्या दिवशी नोंदी काढून बघितल्या, तर पहिली तार चालू आणि दुसरीही चालू. मग दवाखान्यातले यंत्रहात अकरा मिनिटं थांबले कसे?

आधी सड्याचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. ही गोष्ट २०६१ सालातली. समुद्र वर चढत आला तशी किनाऱ्यावरची गावं उठवून सड्यांवर नेली होती. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा जांभ्या दगडाचा उघडा माळ. जिथे झाड धड रुजत नाही तिथे डॉक्टर कुठून रुजायला! म्हणून दर वस्तीला एक छोटा दवाखाना, त्यात एक सिस्टर आणि यंत्रहात (शहरात बसलेला डॉक्टर आपले हात हलवील तसे इथे हलणारे पोलादी हात). डॉक्टरचे निरोप सव्वाशे किलोमीटरवरून तारेतून यायचे. निरोपाला उशीर झाला की हात जिथल्या तिथे थांबायचे. शिळ्या हुकमावर सुरी चालवण्यापेक्षा थांबलेलं बरं, असा नियम होता. नियमात काही खोट नव्हती. पण पोटात रक्तस्राव होत असलेल्या बाईला अकरा मिनिटं फार होतात.

त्या अकरा मिनिटांत शाल्मली समाजमंदिरात कबड्डीची मॅच बघत होती. "जा गो, तेवढाच जीव रमेल, तोवर आई बाहेर येईल," असं म्हणून शेजारच्या राऊळकाकूंनीच तिला पाठवलं होतं. पडद्यावरचं चित्र अगदी स्वच्छ होतं. एका चढाईला तिने टाळ्यासुद्धा वाजवल्या होत्या. हे तिने सहा महिन्यांत कुणालाही सांगितलं नव्हतं.

आजोबा म्हणजे विश्राम पारकर, तिच्या आईचे वडील. संदेशवहनाचे शास्त्रज्ञ. निवृत्त होऊन सड्यावर आले आणि या दोन्ही तारा त्यांनीच आखून दिल्या. मुलगी गेली तेव्हा तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण म्हातारा निम्मा झाला. आणि आता त्यांची धाकटी मुलगी, शाल्मलीची सुगंधा मावशी, पोटुशी होती. बाळ आडवं होतं. घाटाच्या खड्ड्यांतून तिला शहरात हलवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. येत्या सोळा तारखेला ऑपरेशन सड्यावरच आणि त्याच यंत्रहातांनी व्हायचं होतं.

सोळा तारखेला तेवीस दिवस उरले तेव्हा शाल्मलीने विचारलं, "आजोबा, तार तुटली नव्हती, तर मग तिला झालं काय होतं?"

आजोबा म्हणाले, "लंगडत होती."

"तार लंगडते?"

"लंगडते गो. शंभर निरोप सोडावेत तर ऐंशी पोचायचे, तेही रखडत. घाटाखाली एका सांध्यात ओल शिरली होती. त्यामुळे विलंब वाढला (निरोप निघाल्यापासून पोचेपर्यंत जो वेळ लागतो, तो विलंब)."

"मग राउटरने दुसऱ्या तारेने का नाही पाठवलं?" राउटर (कुठला निरोप कुठल्या वाटेने जायचा ते ठरवणारी पेटी) दवाखान्याच्या भिंतीवर होता. तिने तो कितीदा तरी बघितला होता.

"कारण त्या पेटीला मी एकच नियम शिकवला होता. दवाखाना पहिल्या तारेवर, बाकी मॅचबिच दुसरीवर; पहिली मेली तरच दवाखान्याला दुसरीवर ने. असं समज, घाटाच्या नाक्यावर मी एक पहारेकरी बसवलाय. घाट बंद पडला तर गाड्या खाडीच्या लाँचने पाठव, एवढंच त्याला सांगितलंय. एक दिवस अर्धी दरड खाली येते. घाट बंद नाही, पण गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतायत आणि मध्ये ॲम्ब्युलन्स अडकलीय. पहारेकरी काय म्हणेल?"

"म्हणेल, घाट चालू आहे."

"बरोबर. आणि तिकडे लाँच?"

शाल्मलीने मान खाली घातली. "लाँचमध्ये आम्ही बसलो होतो. मॅच बघत." आणि मग ती टाळ्यांचंही बोलून गेली.

आजोबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुला लाँचमध्ये बसवणारा मी, आणि पहारेकरी नेमणाराही मीच. तार एक तर जिवंत असते नाही तर मेलेली, असं मी धरून चाललो. चाळीस वर्षं हेच काम केलं आणि मधलं दुखणं विसरलो. ती चूक माझी आहे, शाले. तुझ्या टाळ्यांची नाही."

दोघंही रडली. मग आजोबांनी चष्मा पुसला आणि नव्या पद्धतीचं सांगितलं. तिचं नाव सॉफ्टवेअर-नियंत्रित विस्तृत जाळं, लोक नुसतं एसडी-वॅन म्हणतात. शहरांत ती केव्हाच जुनी झाली होती, पण सड्यावर सगळंच उशिरा चढतं. विस्तृत म्हणजे गावोगावच्या जागा जोडणारं. सॉफ्टवेअर-नियंत्रित म्हणजे वाट ठरवणारं डोकं एकेका पेटीत न ठेवता एका प्रोग्रॅमकडे दिलेलं. तो प्रोग्रॅम ठरवतो आणि पेट्या ऐकतात. शिवाय पेट्या प्रत्येक वाटेवर क्षणाक्षणाला बारीकसे निरोप सोडून बघत राहतात, किती पोचले आणि किती उशिरा पोचले. तार मेली का, एवढंच विचारून त्या थांबत नाहीत. तब्येत कशी आहे तेही विचारतात, आणि जरा लंगडली की महत्त्वाचं काम धड वाटेवर हलवतात.

"मग आणूया की," शाल्मली म्हणाली.

"आणू. पण आधी पारखणी."

पारखणी हा सड्यांवरचा रिवाज होता. गावं वर आली तेव्हा विकणाऱ्यांच्या गोड बोलण्याला भुलून लोकांनी बरंच भंगार घरात घेतलं होतं. तेव्हापासून ठरलं, विकणाऱ्याचं ऐकायचं नाही, वापरणाऱ्याला विचारायचं. तीन वस्त्यांत जायचं, आणि एक मोठं माणूस आणि एक मूल असं जोडीने जायचं. मूल कशाला? तर पाहुण्यासमोर मोठी माणसं अब्रू राखून बोलतात. मूल स्वयंपाकघरात जातं, आणि तिथे खरं काय ते कळतं.

पहिला खैरसडा. तिथल्या सिस्टर पाटणकर सरळ बाई होत्या. "वर्ष झालं. हात एकदाही अडकले नाहीत," त्या म्हणाल्या. "पण एक ध्यानात ठेवा. हे जाळं नवी वाट बांधत नाही. आहेत त्यातली बरी निवडतं. दोन्ही वाटा रद्दी असतील तर निवडून निवडून रद्दीच निवडेल." शाल्मलीने वहीत लिहून घेतलं.

दुसरा तळसडा. ओटीवर पुरुषमंडळींनी चहा दिला आणि सांगितलं, उत्तम चाललंय, डोळे मिटून घ्या. शाल्मली आत गेली. तिथे भाकरी थापणाऱ्या तरुण बाईने आधी दाराकडे बघितलं. तिचं नाव वत्सला. "उत्तम कसलं डोंबलाचं," ती हळूच म्हणाली. "त्या प्रोग्रॅमला प्राधान्यक्रम (कुणाचं काम आधी आणि कुणाचं मागून, याची यादी) द्यावा लागतो. आमच्याकडे यादी करायला बसले, तर मागचा नंबर घ्यायला कुणी तयार होईना. भजनाचं प्रक्षेपण पहिलं, सरपंचांच्या पोराची व्हिडिओ-बैठक पहिली, लग्न पहिलं. कुणाचं मन दुखवायचं नाही म्हणून सगळ्यांनाच पहिला नंबर दिला. आता मला सांग बाय, सगळेच पहिले तर पहिला कोण? माझ्या सासऱ्यांच्या हृदयाचा आलेख शहरात पोचायचा होता, तो एका साखरपुड्यामागे रांगेत उभा राहिला." पुढचं तिने सांगितलं नाही. चुलीवरची भाकरी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं. भिंतीवर म्हाताऱ्याच्या फोटोला हार होता.

तिसऱ्या देवसड्यावर गजानन नाईक नावाचे वयस्क गृहस्थ भेटले. यांनी मात्र ओटीवरच सगळं ओकून टाकलं. "दोन कंपन्यांच्या दोन तारा घेतल्या. कागदावर दोन. मोरीजवळ जेसीबीने एक फटका मारला आणि दोन्ही तुटल्या. दोघांनी एकाच चरात पुरल्या होत्या हो. वस्ती चार दिवस मुकी. तुमच्या वाटा कुठून जातात ते पायी चालून बघा, नकाशावर विसंबू नका. आणि जोडल्यावर नुसती तार उपटून तपासणी करू नका. मुद्दाम लंगडी करून बघा. मेलेलं सगळ्यांना ओळखता येतं."

हे ऐकून आजोबांनी मान फिरवली.

परत येताना दोघं वाटा चालून बघत आली. पहिली तार घाटाच्या कडेने पुरलेली. दुसरी म्हणायला तार, खरं तर खाडीपलीकडच्या पवनचक्क्यांवरून येणाऱ्या रेडिओलहरी. लोक तिलाही तारच म्हणत. दोन्हींची गाठ कुठेही पडत नव्हती. एवढं एक आजोबांनी त्या वेळी बरोबर केलं होतं, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांना स्वतःविषयी काही बरं वाटलं.

सभेत एसडी-वॅन घ्यायला सगळे तयार झाले. यादी करायची वेळ आली आणि घोडं अडलं. देवस्थानच्या मंडळींना जत्रा पहिली हवी होती. तरुण मंडळाला मॅच. सरपंचबाई म्हणाल्या, "एवढं कशाला ताणायचं? सगळ्यांनाच पहिलं लिहूया. उगाच वाईटपणा नको."

शाल्मली उठून उभी राहिली. "माझी आई आत होती तेव्हा मी मॅच बघत होते," ती म्हणाली. "मॅचची तार धड होती. चित्र एकदाही अडकलं नाही." मग ती फळ्याजवळ गेली आणि सगळ्यांत खाली लिहिलं, 'कबड्डी: शेवटी.'

राऊळकाकू पदराने डोळे पुसत होत्या. थोड्या वेळाने तरुण मंडळाचा एक जण उठला आणि त्याने तिच्या ओळीशेजारी मंडळाचं नाव लिहून संमती दिली. मग जत्रेवाल्यांनी त्याच्या वरच्या ओळीत जत्रा लिहिली. सरपंचबाईंनी स्वतःच्या बैठका मधोमध ढकलल्या. सगळ्यांत वर दवाखाना उरला, आणि त्याच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं.

पेट्या बसल्या. आजोबांनी तीनदा तार मुद्दाम लंगडी केली, तिन्ही वेळा निरोप पवनचक्क्यांवरून वळले. घाटाखालचा ओला सांधा बदलायचा अर्ज केव्हाच गेला होता. माणूस काही आला नव्हता.

सोळा तारखेला दुपारी सुगंधा मावशीला आत नेलं. या वेळी शाल्मलीला कुणी पाठवलं नाही. तीच आपली वही घेऊन समाजमंदिरात गेली आणि पडद्यासमोर बसली. मॅच चालू होती. किती गुण झाले ते तिला दिसतही नव्हतं. चार वाजून सात मिनिटांनी एक खेळाडू रेषा ओलांडायला झेपावला आणि चित्र थांबलं. त्याचा एक पाय हवेतच राहिला.

मागून कुणीतरी "अरे यार" म्हणायला गेलं आणि अर्ध्यावर गप्प झालं. मग हॉलभर सगळ्यांना कळलं. घाटाची तार पुन्हा लंगडली होती, आणि मॅचची वाट आता दुसऱ्याच कामाला गेली होती. एकही माणूस उठला नाही. चाळीस-पन्नास माणसं त्या हवेतल्या पायाकडे बघत बसली. शाल्मली मिनिटं मोजत होती. अकरावं मिनिट आलं तेव्हा तिने डोळे मिटून घेतले.

चौदा मिनिटांनी चित्र हललं. कोण जिंकतंय, हे कुणी विचारलं नाही.

आजोबा दारात आले तेव्हा त्यांच्या पायात चपला नव्हत्या. "किती वाजता थांबलं होतं?" त्यांनी विचारलं.

तिने वही दाखवली. चार-सात ते चार-एकवीस.

"तोच सांधा," ते म्हणाले आणि पायरीवर बसले. "हात थांबले नाहीत, शाले. मुलगी झालीय. सुगंधा डोळे उघडतेय." मग ते ओंजळीत तोंड लपवून हमसून हमसून रडले. हीच पेटी सहा महिने आधी असती तर, हे दोघांच्याही मनात होतं. ते तसं कायमचंच राहणार होतं.

दोन महिन्यांनी पालीच्या सड्याचे लोक पारखणीला आले. ओटीवर आजोबा त्यांना सांगत होते, सगळे सडे या जाळ्यात आले की एकाची वाट अडली तर शेजारच्याची उसनी घेता येईल, मग कुठलाही सडा एकटा पडणार नाही. ते बोलताना आजोबांचा आवाज पूर्वीसारखा चढत होता. पाहुण्यांबरोबर आलेली नऊ-दहा वर्षांची मुलगी रिवाजाप्रमाणे आत आली. शाल्मली मावशीच्या बाळाला मांडीवर घेऊन थोपटत होती.

"खरं खरं सांग हां," ती मुलगी म्हणाली. "काही तोटा आहे का?"

"आहे ना. मॅच मधेच थांबते," शाल्मली म्हणाली. "थांबली की ओरडू नका. दवाखान्यात कुणीतरी आत असतं."