मागची पावलं

पडद्यावरच्या माणसांना पावलं द्यायची, हे तिचं काम. स्टुडिओच्या बंद खोलीत लाकडी फळ्यांचा, फरशीचा आणि खडीचा असे चौकोन आखलेले होते. पडद्यावरच्या नटीशी चाल जुळवत ती जागच्या जागी चालायची. काचेपलीकडे बसून रेकॉर्डिस्ट ते टिपायचा.

या वेळी भयपट होता. हरवलेल्या मुलीला शोधत एक आई रिकाम्या घरातून फिरते. रेकॉर्डिस्टने आधीच चाचरत विचारलं होतं, "जमेल ना, ताई?" तिची स्वतःची मुलगी दोन वर्षांपूर्वी शाळेतून निघाली ती घरी पोचलीच नव्हती.

"न जमायला काय झालं? चालायचंच तर आहे."

पहिला प्रसंग संपला. स्पीकरमधून तो म्हणाला, "आज चार पायांनी चालताय की काय?"

"म्हणजे?"

"ऐका तर."

तिने हेडफोन लावले. आईची पावलं. त्यांच्यामागे दुसरी, हलकी. डावा बूट किंचित फरफटणारी.

तिने फळ्या दाबून पाहिल्या. सैल नव्हत्या. माइक बदलायला लावला. पुन्हा चालली. मागची पावलं आलीच.

"पुसून टाकू?"

"हात लावू नकोस."

ती ऐकत राहिली. डावा पाय असा ओढायची सवय तिच्या मुलीचीच, पण चाल अवघडलेली. बोटं आत दुमडलेली, टाच जपून टेकलेली. बूट लहान झालेल्या पायाची चाल.

"वाढलीय रे ती," ती म्हणाली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच रडली. "शाळेचे बूट लागतायत तिला."



दुसऱ्या दिवशी तिने मोठे बूट आणले. चिकटपट्टीचेच, मुलीला नाडी बांधता येत नसे. ते फळ्यांच्या कडेला ठेवले, हेडफोन लावले आणि त्यांच्याकडे पाठ करून ती चालू लागली.

पडद्यावरची आई थांबली. ती थांबली.

मागची पावलंही थांबली.

बराच वेळ काहीच नाही.

मग अगदी जवळ, चिकटपट्टी उचकटल्याचा आवाज. खर्र.

पुन्हा एकदा. खर्र.

"थांब ना गं," ती पुटपुटली.

पावलं निघाली. आता मोकळी, न अवघडता. बंद दाराकडे गेली, दारापलीकडे गेली, विरली.

ती वळली. नवे बूट नव्हते. त्यांच्या जागी शाळेचे जुने बूट होते, जोडीने नीट लावलेले.

तिने आत हात घातला. बूट अजून उबदार होते.