दोनशे चार वेळा काहीच घडलं नाही

वैनगंगानगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात 'पूर्वभान' यंत्रणा बसवून तीन वर्षं झाली होती आणि आज अकरा वाजता तिचं परीक्षण होतं. अतिदक्षता विभागाची प्रमुख डॉ. शर्वरी बोरकुटे नवी साडी नेसून आली होती. कौतुक होणार हे आधीच ठाऊक असलं की माणूस जरा नीटनेटकं तयार होतं. त्यात गैर काही नाही.

कौतुक करण्यासारखं होतंही. विभागात चोवीस खाटा. प्रत्येक रुग्णाच्या मनगटावर नाडीपट्टी, गादीखाली श्वास आणि पायांची ऊब मोजणारे संवेदक आणि उशाशी एक चौकोनी पडदा. त्या पडद्यावर फक्त एक आकडा, जोखीम-अंक. पुढच्या सहा तासांत हा रुग्ण कोसळण्याची शक्यता शंभरात किती, हे पूर्वभान दर मिनिटाला सांगायचं. तीसच्या खाली अंक हिरवा, वर गेला की पिवळा, साठ ओलांडले की लाल. लाल झाला की 'धावदल', म्हणजे एक डॉक्टर, दोन परिचारिका आणि औषधांची गाडी, आपोआप त्या खाटेकडे निघायचं. पूर्वी या विभागाला पाळीला आठ परिचारिका लागत. आता तीन पुरत, कारण हिरव्या खाटेकडे जायचं कारणच उरलं नव्हतं.

दहाच्या सुमारास परीक्षणाच्या तयारीला जाता जाता शर्वरी नऊ नंबरच्या खाटेपाशी थांबली. तिथे मेश्राम सिस्टर झोपल्या होत्या. बत्तीस वर्षं याच विभागात काढलेली ही बाई मूतखड्याचा ताप घेऊन परवा याच विभागात दाखल झाली होती. काल खडा काढला होता.

मेश्राम सिस्टरांना एक खोड होती. पाळीवर आल्या की चोवीसही रुग्णांच्या पायांवरची चादर बाजूला करायच्या, अंगठा मुठीत धरून बघायच्या आणि मग गुडघ्यांवर नजर टाकायच्या. म्हातारी माणसं अवघडून पाय ओढून घ्यायची. "अहो बाई, माझ्या पाया काय पडता?" म्हणायची. सिस्टर म्हणायच्या, "पाया नाही पडून राहिली बाबा, थंडे आहेत का ते पाहून राहिली." त्यात शास्त्र होतं. शरीर संकटात सापडलं की रक्त हृदयाकडे आणि मेंदूकडे वळवतं आणि काटकसर सुरू करतं ती पायांपासून. रक्तदाब पडतो तो नंतर. पाय गार, गुडघ्यांवर जांभळट जाळी, श्वास भरभर, एवढं दिसलं की सिस्टर धावदल बोलवायच्या. सलाईन, प्रतिजैविक, प्राणवायू असं सगळं वेळेत व्हायचं आणि दोनेक तासांनी तोच रुग्ण चहा मागायचा.

मग पडदा विचारायचा: 'घडलं' की 'नाही घडलं'? म्हणजे रुग्णाचं हृदय बंद पडलं का, श्वास थांबला का. दहा मिनिटांत कुणी उत्तर दिलं नाही तर पडदा स्वतःच 'नाही घडलं' अशी नोंद करून मोकळा व्हायचा. सिस्टरांनी ती वेळ कधी येऊ दिली नाही. 'नाही घडलं'चं बटण त्या स्वतः दाबायच्या, तेही चांगलं ठासून.

दोन वर्षांपूर्वी त्यांना एक ज्ञापन गेलं. दोनशे बारा वेळा धावदल बोलावलं, त्यांपैकी दोनशे चार वेळा काहीच घडलं नाही, सबब ही अनावश्यक धावपळ होय. यापुढे अंक साठच्या वर गेल्याशिवाय धावदल निघणार नाही, कुणीही बोलावलं तरी. खाली शर्वरीची सही होती. सिस्टरांनी कागद वाचला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि म्हणाल्या, "मॅडम, घडू नये म्हणूनच तर बोलावत होती न." शर्वरी तेव्हा हसली होती. यंत्र आलं की जुनी माणसं नाक मुरडतातच, असं तिला वाटलं होतं. सिस्टरांनी पाय बघणं काही सोडलं नाही. धावदल येत नाही म्हटल्यावर त्या स्वतः सलाईन लावायच्या, डॉक्टरांना दंडाला धरून खाटेपाशी आणायच्या आणि पाय गरम होईपर्यंत तिथून हलायच्या नाहीत.

"काय म्हणते तब्येत, सिस्टर?"

"बरी आहे मॅडम." सिस्टर मध्येच थांबल्या, श्वास घेतला. "जरा माझे पाय पाहता का? थंडे लागून राहिले."

शर्वरीचा हात चादरीकडे गेला आणि वाटेतच तिची नजर पडद्यावर गेली. हिरवा चार.

"अंक चार आहे, सिस्टर. अख्ख्या विभागात सगळ्यांत कमी. एसीचा गारवा असेल, आणखी एक पांघरूण द्यायला सांगते."

सिस्टरांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या.

सभागृहात निनाद टेंभुर्णे वाट पाहत होता. पूर्वभान घडवणाऱ्या नागपूरच्या चमूतला हा गणिती. परीक्षण समितीचे अध्यक्ष यायला उशीर होता. निनादच्या चेहऱ्यावर कौतुकाचं काही चिन्ह दिसेना.

"मॅडम, मृत्यू कमी झालेत, आकडे छान आहेत," तो म्हणाला. "पण ते छान का आहेत, ते मला कळत नव्हतं. म्हणून मी यंत्र उघडून बघितलं."

"म्हणजे?"

"यंत्राला आजार कळत नाही. त्याला फक्त जोड्या कळतात. आधी काय दिसलं आणि शेवटी कोणतं बटण दाबलं गेलं. सुरुवातीला आपण त्याला शिकवलं होतं की श्वास मिनिटाला बावीसच्या वर गेला, नाडी वाढली, पाय गार पडले, की अंक चढव. या तीन वर्षांत त्यानं ते सगळं उतरवत आणलंय. त्याच्या लेखी इथं भरभर श्वास घेणं ही फारशी काळजीची गोष्ट नाही."

"असं कसं होईल?"

"तुमच्याकडे तशा बहुतेक रुग्णांचं पुढं 'नाही घडलं' झालं."

"अहो, नाही घडलं कारण आम्ही वेळेवर उपचार केले."

"ते यंत्राला कोण सांगणार? बटणं दोनच आहेत." निनाद सरळपणे म्हणाला. "'घडणार होतं, पण घडू दिलं नाही' असं तिसरं बटण आम्ही ठेवलंच नाही. चूक आमची आहे. पण वापरणाऱ्यांपैकीही कुणी मागितलं नाही."

शर्वरीला कुणीतरी तोंडात मारावी तसं झालं. मागितलं होतं. एका बाईनं अगदी साध्या शब्दांत मागितलं होतं आणि आपण हसलो होतो. दोनशे चार वेळा काहीच घडलं नव्हतं म्हणजे दोनशे चार माणसं आपल्या पायांनी घरी गेली होती.

"पण मग इतकं बिघडलेलं यंत्र असून मृत्यू वाढायला हवे होते," ती म्हणाली.

"तेच कोडं होतं. आणि त्याचं उत्तर हे." निनादनं पडद्यावर एक तक्ता आणला. "अंक खाली आणणाऱ्या गोष्टींची ही यादी. पहिल्या नंबरवर प्राणवायू नाही, रक्तदाब नाही. ओळखकण एकशे सतरा आहे."

ओळखकण म्हणजे प्रत्येक कर्मचाऱ्याच्या मनगटात कातडीखाली बसवलेला तांदळाच्या दाण्याएवढा प्रक्षेपक. दारं आणि औषधांची कपाटं त्यानं उघडत. कोणता कण कोणत्या खाटेजवळ किती वेळ होता, याची नोंद पूर्वभानकडे आपोआप जात असे.

"एकशे सतरा एखाद्या खाटेच्या तीन मीटरच्या आत असला की यंत्र तिथला अंक साठनं कमी करतं," निनाद सांगत होता. "हा माणूस जवळ असला की काही घडत नाही, असं ते शिकलंय. आणि खरं सांगू, चुकीचं नाही शिकलेलं. तुमचं यश आमच्या यंत्राचं नाहीच, या एका माणसाचं आहे. कोण आहेत हे? मला भेटायचंय त्यांना."

"निनाद," शर्वरी उठून उभी राहिली, "एकशे सतरा आत्ता कुठे आहे?"

त्यानं बघितलं. "खाट नऊ. कमाल आहे, कालचा तासभर सोडला तर बावन्न तास तिथून हललेलेच नाहीत. म्हणून तर तिथला अंक चार..." चार आणि साठ किती होतात, हे गणित त्यालाही करता येत होतं.

यंत्राला अंतर कळत होतं. खाटेशेजारी उभं असणं आणि खाटेवर पडलेलं असणं, यांतला फरक त्याला कुणी शिकवला नव्हता.

शर्वरी धावली. तिन्ही परिचारिका पिवळ्या खाटांपाशी होत्या. नऊ नंबरकडे सकाळपासून कुणी फिरकलं नव्हतं, फक्त एक जादा पांघरूण तेवढं आलं होतं. तिनं ते फेकून दिलं. सिस्टरांच्या पायांचे अंगठे बर्फासारखे लागले. गुडघ्यांवर जांभळी जाळी मांड्यांपर्यंत चढली होती. श्वास चौतीस. खड्याबरोबरचं जंतुविष रक्तात पसरलं होतं. पडद्यावर हिरवा चार.

तिनं धावदलाचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. हिरव्या खाटेसाठी धावदल निघत नाही, हा नियम तिच्याच सहीचा होता. मग ती स्वतः पळत जाऊन औषधांची गाडी ढकलत घेऊन आली. निनादनं सलाईनच्या बाटल्या उचलून दिल्या. सुई घातली, प्रतिजैविक सुरू केलं, रक्तदाबाचं औषध चढवलं. सत्तरवरचा रक्तदाब वर यायला तयार नव्हता. सकाळी दहा वाजता जे अर्ध्या तासाचं काम होतं, ते आता पावणेबारा वाजता हाताबाहेर गेलं होतं.

सिस्टरांनी डोळे अर्धवट उघडले. "पाहिले का पाय?"

"पाहिले, सिस्टर."

"थंडे आहेत न."

"हो." शर्वरीचे डोळे भरून आले. "मग परत का नाही बोलावलं मला? घंटी होती ना हाताशी."

"अंक चार होता न, मॅडम." प्रत्येक शब्दाला त्यांना श्वास घ्यावा लागत होता. "म्हटलं, कायले अनावश्यक धावपळ."

ज्ञापनातला शब्द न शब्द त्यांना पाठ होता. त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. चार वाजून वीस मिनिटांनी हृदय थांबलं आणि पाऊण तास छाती दाबूनही परत चालू झालं नाही. पडद्यानं विचारलं: 'घडलं' की 'नाही घडलं'? शर्वरीनं 'घडलं' दाबलं.

"शिकलं का काही?" तिनं विचारलं.

निनादनं हातातल्या पाटीवर बघितलं. "एकशे सतराचं वजन आता एकोणसाठ पूर्णांक नऊ."

"बस, एवढंच?"

"त्यांच्या बाजूनं शेकडो वेळा 'नाही घडलं' आहे, मॅडम. विरुद्ध आज एकाचीच भर पडली."

सिस्टरांना स्ट्रेचरवर घेऊन सेवक निघाले. चाकं करकरत दाराच्या दिशेनं गेली आणि स्ट्रेचर चार पावलं पुढं गेलं असेल नसेल, तोच आठ नंबरच्या खाटेवरचा हिरवा सात एकदम लाल सदुसष्ट झाला. घंटा वाजू लागली. धावदल आपोआप पळत आलं. आठ नंबरची खाट नऊपासून अडीच मीटरवर होती. तिथल्या गजभिये मास्तरांवर परवापासून मेश्राम सिस्टरांची सावली होती, आणि ती आत्ता उठली.

"यंत्र बिघडलं वाटतं," धावदलातला डॉक्टर म्हणाला. "मघापर्यंत सात होता."

शर्वरीनं मास्तरांच्या पायांवरची चादर बाजूला केली आणि अंगठा मुठीत धरला. गार होता. मास्तर अवघडले. "अहो डॉक्टर, तुम्ही काय माझ्या पायांना..." म्हणत त्यांनी पाय ओढून घेतला. तिनं पुन्हा धरला आणि औषधं सांगत राहिली. त्यांना अजून वेळ होता. दोन तासांत नाडी उतरली, श्वास खाली आला, पायांत ऊब आली. सात वाजता मास्तरांनी चहा मागितला.

पडद्यानं विचारलं: 'घडलं' की 'नाही घडलं'?

शर्वरी त्याच्यासमोर उभी राहिली. 'नाही घडलं' दाबलं तर मास्तरांचे गार पाय, भरभर श्वास, सगळं यंत्राच्या लेखी आणखी थोडं बिनमहत्त्वाचं होणार होतं. 'घडलं' दाबलं तर समोर चहा पिणारा माणूस कागदोपत्री कोसळलेला ठरणार होता. निनाद तिसऱ्या बटणाबद्दल नागपूरला फोनवर तावातावानं बोलत होता. मंजुरीला सहा महिने लागतील, असं पलीकडून कुणीतरी सांगत होतं.

तिचं बोट हवेत तसंच राहिलं. दहा मिनिटं झाली तेव्हा पडद्यानं स्वतःच 'नाही घडलं' अशी नोंद केली आणि मास्तरांचा अंक हिरवा झाला. शर्वरी वळली आणि एक नंबरच्या खाटेपासून पायांवरच्या चादरी बाजूला करू लागली.