उजव्या बाजूचे दार

"उजवीकडे दार शोधत असाल, तर उगाच फेरी मारू नका. कारखान्याने ते बसवलेलंच नाही."

तिच्या हातातली मोजपट्टी सटकन मिटली. हँगरच्या तोंडाशी एक मेकॅनिक उभा होता — बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कानामागे पेन्सिल, आणि ओठांवर कोणी न मागितलेले हसू.

ती विमान कंपनी चालवण्याच्या एका संगणकीय खेळासाठी विमाने घडवीत असे. सहकारी तिला 'काटेकोर' म्हणत, आणि ते बिरुद ती मानाने मिरवी. या खेपेस वाट्याला आले होते माणसे आणि माल दोन्ही वाहणारे एक छोटे, दणकट विमान. तिच्या धंद्याची रीत अशी, की डावी बाजू जीव ओतून घडवायची आणि आरशातल्यासारखी उलटवून उजवीकडे जोडायची. मालाचे रुंद दार डावीकडे होते. ते आपसूक उजवीकडेही उमटले, आणि खेळात ते विमान दोन्ही बाजूंनी भरून निम्म्या वेळात उडू लागले. म्हणून आता खरे विमान मोजायला आले, असे तिने त्याला सांगितले.

"म्हणजे ते विमान घडवणाऱ्या तुम्हीच," तो म्हणाला. "मी खेळतो घरी. तुमच्या दोन दारांच्या जिवावर माझी कंपनी पहिली आलीय."

"मग चूक कळवली का नाही?"

"फुकट मिळालेल्या दाराला कोण कुलूप लावतं?"

ती हसली नाही... पण पुढचे तीन दिवस रोज आली. मोजपट्टीचे एक टोक तिच्या हाती, दुसरे त्याच्या. तो आकडे सांगे, ती लिहून घेई. एकदा त्याने तोच आकडा तीनदा सांगितला, तरी वहीत काही उतरले नाही; तिची नजर त्याच्या मनगटावरच्या ग्रीसच्या रेघेवर होती. प्रेमात पडू लागलेल्या माणसाने मोजमापाला हात घालू नये, हेच खरे.

गुरुवारी चार वाजता विमान नव्या मालकाकडे जायचे होते आणि त्याच्यासोबत मेकॅनिकही, दोन वर्षांच्या करारावर. हे त्याने तिला पाठमोरे राहून, पान्यांची पेटी आवरता आवरता सांगितले.

गुरुवारी साडेतीनला ती हँगरच्या कोपऱ्यात बसून शेवटची छायाचित्रे पडद्यावर मोठी करून पाहत होती. उजव्या पंखाचा तिरपा आधार जिथे विमानाच्या अंगाला मिळतो, तिथल्या जोडावर केसाएवढी एक रेघ होती. डाव्या जोडावर ती नव्हती.

रंगाचा ओरखडा असेल? सावली असेल? तिकडे विमानात वैमानिक पट्टा बांधून बसलासुद्धा. जिने नसलेले दार पाहिले, तिला नसलेली चीर दिसणार नाही कशावरून? शिवाय त्याला वाटेल, हे अडवण्याचे निमित्त आहे. पण गप्प राहावे, तर याच विमानात तो बसणार होता.

ती मेकॅनिककडे धावतच गेली. "अहो... उजव्या जोडावर चीर आहे. म्हणजे — मला तसं वाटतंय."

"आधी दार, आता चीर," दाराचा किस्सा ऐकलेला म्हातारा वैमानिक खिडकीतून म्हणाला. "उद्या पंखच नाही म्हणशील, पोरी."

मेकॅनिक हसला नाही. "मला थांबवायला तर म्हणत नाही ना?"

"थांबवायचं असतं, तर सरळ थांबा म्हटलं असतं." ती म्हणाली. "तेही म्हणायचं होतं. पण ते वेगळं. आधी जोड बघा."

त्याने जोडावर बारीकशा चिरेतही झिरपणारा लाल द्राव फासला. दहा मिनिटे तो मुरू दिला. मग वरचा द्राव पुसून त्याने वर पांढरी पूड फवारली. पांढऱ्यातून, अगदी सावकाश, एक लाल रेघ वर आली.

वैमानिकाने मुकाट्याने पट्टा सोडला आणि खाली उतरून जाता जाता तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"काल याच जोडावर हात ठेवून मी आकडे सांगत होतो," मेकॅनिक हलकेच म्हणाला. "लक्ष मात्र जोडाकडे नव्हतं." पूड लागलेले हात त्याने बराच वेळ पुसले. "नवा जोड यायला तीन आठवडे लागतील. आता ते वेगळं काय ते सांगा."

"थांब," ती म्हणाली. अहोजाहो वाटेतच कुठे गळून पडले.

"तीन आठवडे विमानासाठी थांबतोय. त्यापुढे तुझ्यासाठी. करार नको म्हणून आजच कळवतो."

तिने मान खाली घातली, मोजपट्टी उगीचच उघडली, मिटली. "ते उजवं दार संध्याकाळी काढून टाकणार आहे मी. तुझी कंपनी तळाला जाईल."

"जाऊ दे." त्याने मोजपट्टीचे दुसरे टोक हाती घेतले. "एकाच दाराने भरू माल. वेळ लागेल... पण आता वेळ आहे."