काळी चौकट

बोरमळ्याच्या पंचायत कार्यालयात ऐकू सगळ्यांना येत होतं, दिसत मात्र कुणालाच काही नव्हतं.

संगणकाच्या पडद्यावर मधोमध काळी चौकट होती. तिच्यातून सरपंच आनंदरावांचा ऑगस्टातल्या ग्रामसभेतला आवाज आला, "बुद्ध विहाराच्या जागेचा ठराव नामंजूर."

"ऐकलं?" खुर्चीतले आनंदराव म्हणाले. "लिवा अहवाल आन् निघा."

शिरूरहून चौकशीला आलेले विस्तार अधिकारी सोपानराव लिहीत नव्हते. चारचौघांत बोलायला ते कचरत. पण मुदत आज संपत होती. चित्र दिसलं नाही तर अहवाल नुसत्या आवाजावर जाणार होता आणि विहाराची जागाही जाणार होती.

"साहेब, निम्म्याच्या वर हात वर होते," तक्रारदार माया म्हणाली. "ह्यांनी नुसतं तोंडानं नामंजूर केलं. माझ्या भावानं शूटिंग केलंय. परवा ह्याच कॉम्प्युटरवर चित्र दिसत होतं."

"कुठाय तुझा धम्मदीप? खोटी सीडी दिऊन पळाला नागपूरला."

"पळाला न्हाई. दीक्षाभूमीला गेलाय. दरसाल जातो."

"परवा दिसलं होतं," माऊस धरून बसलेला सत्यजीत पुटपुटला. तो कार्यालयातला ऑपरेटर, सरपंचांचा पुतण्या.

"सत्या, तुला विचारलंय का कुणी?"

सोपानराव पडद्याकडे बघत राहिले. व्हिडिओ प्लेअरच्या खिडकीची निळी कड लख्ख होती, खालची बटणंही. काळोख होता तो फक्त चौकटीत.

काल दसरा झाला होता. पडद्याला झेंडूची माळ होती. माऊसच्या उजव्या बटणावर कुंकवाचं बोट ठसठशीत होतं, डाव्यावरचं पुसलेलं. आत येतानाच, सत्यजीत खुर्चीत बसायच्या आधीच, त्यांनी ते पाहिलं होतं. एवढ्याशा गोष्टीवरून काय विचारायचं, म्हणून ते गप्प राहिले होते.

"पूजा कुणी केली?" त्यांनी हळूच विचारलं.

"म्या. काल सकाळी," आनंदराव म्हणाले.

"नंतर यंत्र कुणी चालवलं?"

"दसऱ्याला हत्याराला हात लावत न्हाईत, एवढंबी म्हाईत न्हाई व्हय तुमाला? कुलूप लावलं."

"किल्ल्या कुणाकडं?"

"एक माझ्याकडं, एक ह्या सत्याकडं. मला कॉम्प्युटरमधलं काय कळतं? त्यालाच विचारा."

सत्यजीतचा चेहरा उतरला. "मी पूजा झाल्यावर राहू गावाला गेलो, सासुरवाडीला. आत्ता एसटीनं आलोय. साहेब, दुसरी सीडी लावून बघू का? ड्रॉवरमधी ताईच्या लग्नाची हाय. काका नेहमी बघत्यात. हळदीचं शूटिंग अंधारात झालंय, तर उजेड वाढवून बघत्यात."

"काय गरज न्हाई," आनंदराव ताडकन म्हणाले. "घरची सीडी हाय ती. बाहेरच्या माणसापुढं लावायची न्हाई."

"लावा," सोपानराव म्हणाले.

सनई वाजू लागली. चौकट काळीच.

"म्हंजी माझ्या भावाची सीडी खोटी न्हाई," माया म्हणाली.

"दोन्ही सीड्या चांगल्या आहेत." सोपानरावांनी चष्मा पुसला. "पडदा बिघडला असता तर कड आणि बटणंही काळवंडली असती. काळं फक्त चित्र आहे. म्हणजे या प्लेअरच्या आतच चित्राचा उजेड कुणीतरी उतरवलाय. सत्यजीत, ती पट्टी कुठं असते?"

सत्यजीतनं मेनू उघडला. ब्राइटनेसची पट्टी डाव्या टोकाला टेकली होती.

"आवाज तेवढा ठेवला," सोपानराव म्हणाले, "कारण आवाज सरपंचांच्या बाजूनं बोलतो. पट्टी सरकवायला माऊसचं डावं बटण दाबून धरावं लागतं. कुंकू तिथंच पुसलंय, म्हणजे हे पूजेनंतर झालं. किल्ल्या दोघांकडं. सत्यजीतनं केलं असतं, तर दुसरी सीडी लावू का म्हणून त्यानं आपणहून विचारलं नसतं. त्या सीडीनंच तर हे उघडं पडलं. लावू नका म्हणालात तुम्ही, आनंदराव. काही कळत नाही म्हणता, पण लेकीची हळद बघायला उजेड वाढवता. जो वाढवता येतो, तो उतरवताही येतो."

"बदली करीन तुमची."

"करा. सत्यजीत, पहिली सीडी लावा आणि पट्टी वर घ्या."

चौकट उजळली. ओळींमागून ओळी हात वर होते. पहिल्याच रांगेत हिरव्या लुगड्यातल्या एका बाईनं हात पार डोक्याच्या वर ताणला होता.

"या कोण?" सोपानरावांनी विचारलं.

माया म्हणाली, "साखरबाई. सरपंचांच्या मालकीण."

"बंद कर ते, सत्या," आनंदराव म्हणाले.

सत्यजीतनं माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. चित्र चालूच राहिलं.